काकूंची धाकटी जर्मनी हिंडते

दिंडोशीत आमच्या आणि पलीकडच्या सोसायटीमधली कुंपणाची भिंत उंच करायचा विषय दर वार्षिक सभेत निघतो आणि दर वेळी बायकाच तो हाणून पाडतात. आरेतले बिबटे, भुरटे चोर, सगळं कबूल. पण भिंत वाढली तर बोलायचं कुठून? संध्याकाळी पाणी यायच्या आधीचा अर्धा तास या भिंतीचा. पलीकडे काकू, अलीकडे मी, आणि जिन्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा. अण्णांची उभी हयात बेस्टमध्ये गेली, शेवटची वर्षं इथल्याच दिंडोशी आगारात. 'तिकीट' हा शब्द कानावर पडला की त्यांच्या तोंडापुढचा पेपर आपोआप खाली येतो.

सध्या भिंतीवर एकच विषय आहे : काकूंची धाकटी. ती स्टुटगार्टला एमएसला गेलीय आणि सुट्टीचा दिवस आला की कुठल्या ना कुठल्या खेड्यागावाला उंडारते. 'उंडारते' हा शब्द काकांचा. काकू 'हिंडते' म्हणतात.

"अगं, स्टुटगार्ट म्हणजे काही परकं नाही," काकू सांगत होत्या. "१९६८ पासून ते मुंबईचं भगिनी शहर आहे. कागदोपत्री तरी पोरगी मावशीकडेच गेलीय."

"मावशी बरी फी लावते!" मागून काकांचा आवाज. "जर्मनीत फी नसते, फी नसते, असं सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. बाकीच्या राज्यांत नसेलही. नेमकं हिच्या राज्यात, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, युरोपाबाहेरच्या पोरांना सहा महिन्यांना १५०० युरो. २०१७ पासून. वर व्हिसासाठी ११,९०४ युरो आधीच बँकेत कोंडून ठेवा, महिन्याला ९९२ बाहेर येणार. अकरा-बारा लाख रुपये झाले ते! नागरी निवारा वसाहतीतलं घर, मृणालताई आणि बाबूराव सामंतांनी कोर्टकचेऱ्या केल्या तेव्हा कुठे डोक्यावर छप्पर आलं, त्याच्यावर कर्ज काढलंय. ते शिकायला काढलंय. गावं बघायला नाही."

एवढं बोलून काका आत गेले. काकूंनी त्यांच्या पाठीकडे बघत आवाज खाली आणला. "गावं बघायला एक पैसा जास्त जात नाही गं. पास आहे तिच्याकडे."

पेपर खाली आला. "कसला पास?"

"अख्ख्या जर्मनीचा, अण्णा. बस, ट्राम, जमिनीखालची रेल्वे, लोकल, पॅसेंजर. सगळं एकात."

"अख्ख्या? म्हणजे आमची बेस्ट, पुण्याची पीएमपी, कोल्हापूरची केएमटी आणि वर रेल्वे?"

"नागपूरची बससुद्धा."

अण्णांनी चष्मा काढला. बेस्टच्या दैनिक पासात त्यांनी जन्मभर लोकांना बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत फिरवलं; एका पासात सबंध देश ही कल्पना त्यांना पचायला वेळ लागला. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. काकूंना सगळं पाठ. हा पास मे २०२३ मध्ये निघाला तेव्हा महिन्याला ४९ युरो होता, २०२५ला ५८ झाला, २०२६ला ६३. पण धाकटीच्या राज्यात सत्तावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तोच पास सवलतीत. सुरुवातीला वर्षाला ३६५ युरो होता, म्हणजे दिवसाला एक. नंतर वाढला, तरी मोठ्यांपेक्षा कमीच.

"तपासतो कोण?"

"फाटक नाही, कंडक्टर नाही. मधूनच साध्या कपड्यातले तपासनीस चढतात. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड."

"फाटक नाही, कंडक्टर नाही," अण्णा पुटपुटले. "म्हणजे आम्हा लोकांची भाकरीच काढली की."

आता या पासाची खरी गोम ऐका. वेगाच्या गाड्यांना तो चालत नाही. आयसीई, आयसी असल्या पांढऱ्याशुभ्र, झुळकन जाणाऱ्या गाड्या वर्ज्य. चालतात त्या दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्या, शाळकरी पोरं, सायकली आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या. त्यामुळे शेजारपाजारच्यांना अपेक्षित असलेले पॅरिसच्या मनोऱ्याचे आणि स्वित्झर्लंडच्या बर्फाचे फोटो काकूंच्या मोबाइलवर येत नाहीत. येतात ते आपण कधी नाव न ऐकलेल्या गावांचे. लाकडी चौकटींची वाकडीतिकडी घरं, चौकातलं कारंजं, चर्च, आणि बाकावर उघडलेला डबा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, एखादी बेकरी सकाळी काही तास उघडी असली तर असली. स्टेशनातल्या स्वच्छतागृहालाही बहुतेक ठिकाणी युरो मोजावा लागतो. पाण्याची बाटली घ्यावी तर २५ सेंट वर अनामत, रिकामी बाटली मशीनला खिलवली की परत. त्यामुळे पोरगी घरूनच बाटली भरून निघते. हिंडण्याचा खर्च म्हणाल तर कणीक आणि तेल.

"पण गाड्या वेळेवर असतील," मी म्हटलं. "जर्मन माणूस म्हणजे घड्याळ."

काकू इतक्या हसल्या की दोरीवरचे कपडे हलले. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या फक्त ६२.५ टक्के. आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. गावोगावच्या साध्या गाड्या त्यामानाने बऱ्या. अण्णांना हे ऐकून जे समाधान झालं, ते निवृत्तीच्या दिवशीच्या सत्काराने झालं नसेल. "मग आमच्या विरार लोकलला उगाच का नावं ठेवता?" म्हणाले.

परवाचं गाव होतं वाइल डेर श्टाट. स्टुटगार्टहून लोकलने शेवटच्या स्टेशनाला जायचं. दहावीच्या विज्ञानात ग्रहांच्या कक्षांचे तीन नियम आहेत ना, तो केप्लर इथला. १५७१चा जन्म. चौकात त्याचा पुतळा आहे आणि जन्मघरात छोटं संग्रहालय. पण काकूंना केप्लरच्या कक्षांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी भिंतीवर दोन्ही कोपर टेकले. हे झालं की समजायचं, आता खरी बातमी येणार.

"त्याच्या आईला चेटकीण ठरवलं होतं."

"काय सांगता!"

त्याच लोकलच्या वाटेवर लेओनबर्ग लागतं. केप्लरची आई काथारीना तिथे राहायची. सत्तरीकडे झुकलेली, झाडपाल्याची औषधं देणारी, तोंडाने जरा फटकळ बाई. गावातल्या काचवाल्याच्या बायकोशी तिचं बिनसलं. ती बाई आजारी पडली आणि १६१५मध्ये म्हणू लागली, हिने मला काहीतरी कडू पाजलं म्हणून मी अशी झाले. बस्स. मग जो तो आठवू लागला. कुणाचं जनावर मेलं होतं, कुणाच्या पोरीचा हात दुखला होता तो म्हणे हिच्या धक्क्यानेच. म्हातारीने बापाची कवटी चांदीत मढवायला थडगं खणणाऱ्याकडे मागितली, अशीही वदंता निघाली. पारावरच्या बोलण्याचं बघता बघता फिर्यादीत रूपांतर झालं. १६२०च्या ऑगस्टमध्ये म्हातारीला धरलं आणि चौदा महिने साखळदंडात ठेवलं.

"आणि मुलगा?"

"मुलगा ऑस्ट्रियात, लिंझला, सम्राटाचा गणिती. सगळं टाकून आला आणि आईचा खटला स्वतः लढला. एकेका साक्षीदाराचं बोलणं सोलून काढलं. ह्या दुखण्याला हे साधं कारण, त्या दुखण्याला ते. कागदांची चळत लावली. ज्या वर्षांत त्याने ग्रहांचा तिसरा नियम छापला, १६१९ला, त्याच वर्षांत हे घरचं भूत मानगुटीवर होतं." शेवटी म्हातारीला छळाची हत्यारं नुसती दाखवली, कबूल करते का बघू म्हणून. ती बधली नाही. १६२१च्या शरदात निर्दोष सुटली आणि पुढच्याच वसंतात गेली.

भिंतीपाशी क्षणभर कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "आपल्याकडे जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ला झाला. त्यासाठी दाभोलकरांना जीव द्यावा लागला." पेपरची घडी घालत त्यांनी पुढचंही सुनावलं : "तेव्हा बायांनो, भिंतीवर जपून बोलत जा. सत्र न्यायालय आपल्याला चालत जाण्याच्या अंतरावर आहे."

काकूंनी विषय पुढच्या स्टेशनावर नेला. म्हणजे वाइल डेर श्टाटच्या पुढे रेल्वे जाते कुठे? काल्व्हला. ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं, नागोल्ड नदीवरचं चिमुकलं गाव. 'सिद्धार्थ' लिहिणारा हेर्मान हेस १८७७ला तिथे जन्मला. आणि हेसची आई आपल्याकडची, म्हणजे जन्माने. केरळात तलश्शेरीला १८४२ साली जन्मली. तिचे वडील हेर्मान गुंडर्ट, स्टुटगार्टचे. मिशनरी म्हणून आले आणि मल्याळम भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश करून गेले.

"त्या काल्व्हची जुनी रेल्वे बंद पडलेली," काकू म्हणाल्या. "ती परत सुरू करायची म्हटलं तर बोगद्यात वटवाघळं निघाली. दुर्मीळ जातीची. वटवाघळंवाले अडून बसले. वर्षानुवर्षं भांडण. शेवटी काय केलं असेल? बोगद्याच्या आत भिंत घातली. एका बाजूने गाडी, दुसऱ्या बाजूला वटवाघळं. खर्च किती वाढला ते विचारू नकोस."

दिंडोशीत ही गोष्ट सांगितली की पुढचं वाक्य आपोआपच येतं. ऑक्टोबर २०१९च्या त्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या, दोन हजारांवर झाडं गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती पोचेपर्यंत मैदान झालेलं होतं. आमच्यातली कितीतरी पोरं त्या रात्री तिथे होती. आज आम्हीच आरेतून मेट्रो पकडून थंडगार डब्यातून कुलाब्याच्या टोकाला जातो, हेही खरं. अण्णा एवढंच म्हणाले, "त्यांनी आधी भांडून घेतलं, मग बांधलं. आपण आधी तोडलं, मग भांडलो."

उल्मची गोष्ट मात्र निवांत सांगायची. स्टुटगार्ट ते उल्म वेगाच्या गाडीने जायचं तर २०२२ पासून नवा मार्ग आहे, बोगद्याबोगद्यांतून. पासवाली गाडी जाते जुन्या वाटेने, गाइस्लिंगेनच्या घाटातून. तो घाट १८५०चा. आपला बोरघाट १८६३चा.

"चढण किती?" अण्णा.

"अण्णा, मला काय विचारता!" पण मोबाइलमध्ये होतं. चव्वेचाळीसला एक. बोरघाट सदतीसला एक. म्हणजे आपलीच चढण खडी. जड मालगाड्यांना तिथेही मागून इंजिन लावतात. "कर्जतचे बँकर!" अण्णांच्या चेहऱ्यावर असा भाव, जणू घाट त्यांनीच चढवला. बटाटेवडे मिळत नाहीत, एवढीच त्या घाटाची उणीव.

उल्मचं चर्च १३७७ला बांधायला घेतलं आणि त्याचा मनोरा पुरा झाला १८९०ला. "आपल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला आशा आहे," इति अण्णा. उंची १६१.५३ मीटर. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जगातलं सर्वांत उंच चर्च हेच. २०२५च्या शेवटी बार्सिलोनाच्या चर्चने मागे टाकलं. मनोऱ्याला ७६८ पायऱ्या. आइन्स्टाइन याच गावात जन्मला, १८७९ला. पण गावाला लाडकी आहे ती चिमणी. चर्चच्या छपरावर चक्क चिमणीचा पुतळा बसवलाय. सांगतात ते असं, की बांधकामाला लांबलचक तुळई आणली, ती गाडीवर आडवी. वेशीतून शिरेना. उल्मची शहाणी मंडळी वेस पाडायला निघाली. तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली, घरट्याच्या फटीपाशी तिने काडी उभी फिरवली आणि आत गेली. मग यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आमच्या सी विंगला फ्रिज चढवताना अशी एक चिमणी हवी होती," मी म्हटलं. जिन्याचा कठडा अजून वाकडा आहे.

आता काकूंनी ठेवणीतली गोष्ट काढली, आणि ती मुद्दाम घराकडे तोंड करून, मोठ्याने. "याच उल्ममध्ये १९३४ला ग्युंथर सोनथायमर जन्मले. हायडेलबर्गला प्रोफेसर. आयुष्य घालवलं आपल्या धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत, पालखीमागे. ओव्या टेप केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर १९७६ला मोठा ग्रंथ लिहिला, जर्मनमध्ये. जेजुरीत मराठी बोलत हिंडायचे."

पलीकडचं दार उघडलं. काकांचं कुलदैवत जेजुरीचं. "कोण म्हणालीस?"

काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काका दारातच उभे राहिले. "उल्मचा माणूस खंडोबावर लिहितो," ते म्हणाले, "आणि त्या मॅक्सम्युलरने भारतात पाऊल न टाकता वेद छापले. आपली पोरगी काळा घोड्याच्या त्याच्याच भवनात पैसे भरून जर्मन शिकली, तरी जर्मनीत गेल्यावर पहिल्या महिन्यात तोंड उघडेना."

टोमणाच होता, पण काकूंना हवी तीच वाट त्याने मोकळी झाली.

"उघडेना, कारण वर्गात इंग्रजी, होस्टेलात हिंदी-मराठी, दुकानात मशीन. बोलणार कुणाशी? जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांत आता आपलेच सगळ्यांत जास्त. एकोणसाठ हजारांच्या आसपास. स्टुटगार्टच्या होस्टेलात पोहे मिळतात, जर्मन माणूस मिळत नाही. तो मिळतो या गावांत."

आणि मग तुटणाऱ्या गाडीची हकिकत आली. तिथे काही गाड्या एका ठरावीक स्टेशनात मधून तुटतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. सूचना होते, ती बहुतेक वेळा फक्त जर्मनमध्ये. धाकटी कानात गाणी घालून मागच्या डब्यात बसली होती. गाव आलं ते भलतंच. फलाटावर चिटपाखरू नाही, एक आजीबाई सोडून. आजीबाईंना इंग्रजीचा गंध नाही आणि त्यांचं जर्मनही स्वाबियन वळणाचं, भवनात शिकवलेल्यापेक्षा वेगळंच. तरी दोघींची बोलणी झाली. पुढची गाडी तासाभराने. त्या तासात आजीबाईंनी तिला विचारलं नाही असं काही राहिलं नाही : वय काय, घरी कोण, लग्न ठरलंय का, भाडं किती भरतेस.

"म्हणजे आपल्यातल्याच," मी म्हटलं.

"अगदी! त्यांनीच तिला ती केअरवोखची भानगड सांगितली." स्वाबियन मुलखात बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. जिना लख्ख असला तरी झाडायचा, आणि झाडताना दिसायला हवं. नाही झाडला तर शेजारीण पडद्याआडून बघतेच. पंधराव्या शतकापर्यंत या रिवाजाची मुळं जातात म्हणे. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, रात्री दहानंतर आवाज नको, बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या त्याही रविवारी नाहीत. काकू बोलत होत्या आणि मागे शेजारच्या प्लॉटवरचं ड्रिल रविवार असूनही कान किटवत होतं.

त्या दिवसापासून धाकटी गाडीत कानात काही घालत नाही. सूचना ऐकते. बेकरीत बोट दाखवून मागत नाही, वाक्य बोलून मागते. संग्रहालयात तिकिटाच्या खिडकीशी उगाच चार प्रश्न विचारते. अर्धवेळ कामासाठी मुलाखत झाली तेव्हा, शिकवणं जरी इंग्रजीत असलं, तरी समोरच्या बाईने पहिला प्रश्न जर्मनमध्ये टाकला : सुट्टीत काय करता? पोरीने लेओनबर्गची म्हातारी सांगितली. काम मिळालं.

काकांनी घसा खाकरला. "मिळालं ते तिच्या मार्कांमुळे."

"मार्क तिच्या वर्गातल्या सगळ्यांनाच आहेत," काकू म्हणाल्या.

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि तेवढ्यात पाणी आलं. अण्णांनी मात्र उठता उठता एक मुद्दा मांडला, तो मला पटला. आपल्या रेल्वेत विद्यार्थ्याला सवलत मिळते ती घर ते कॉलेज. गोरेगावचा पोरगा चर्चगेटला शिकत असेल तर त्याच रुळांवरून येणार आणि जाणार. वसईचा किल्ला, कल्याणची खाडी, टिटवाळा त्या पासात बसत नाहीत. पोरांना हिंडायची हौस नाही असं आपण म्हणतो. पास देऊन तर बघा.

तेव्हा तुमच्याही घरातलं कुणी जर्मनीला निघालं असेल, तर भिंतीवरून एवढंच सांगते. लोणच्याची एक बरणी कमी भरा, पण निदान बी वनपर्यंत जर्मन करूनच पाठवा. वर्ग इंग्रजीत असतो, नोकरी नसते. फीचा हिशेब राज्यागणिक वेगळा, तो आधी विचारून घ्या. आणि रविवारी कुठल्या अनोळखी चौकातला फोटो आला, तर "अभ्यास झाला का?" हे नंतर विचारा. आधी गावाचं नाव विचारा.